संकोच

खानापुरात स्टेशन रोडला
मष्णू बिर्जेंच्या डीटीपीच्या दुकानात
एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर राहतो.
बाहेरचा नवा. आतला जुना, म्हणजे नुसती एक फाइल,
कारण रवळूमामांचा फॉन्ट नव्यात उघडला
की 'शुभविवाह'चं कडबोळं होतं.

सोमवारी बाहेरच्याने हात टेकले.
ती एकटी फाइल एकशे अठ्ठेचाळीस जीबी.
मग मी आत शिरून अकरा वर्षं पुसली:
बारशी, वास्तुशांती, गर्लगुंजीच्या यात्रेची पावतीबुकं,
इटगीच्या शाळेची प्रशस्तिपत्रं,
'फायनल', 'फायनल २', 'हेच खरं फायनल',
बारावा, तेरावा, वर्षश्राद्ध.
कचरापेटी रिकामी केली.
आतला म्हणाला, बावीसच राहिले, बाकी मोकळं.
बाहेर येऊन बघते तर एकशे अठ्ठेचाळीस.

दोघंही खरंच बोलत होते.
पुसणं म्हणजे फक्त दारावरची पाटी काढणं.
घरात माणसं तशीच बसलेली असतात
त्या जागी दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत.
पाटी काढली म्हणून गाव जात नाही,
हे आमच्या भागात कुणाला शिकवायला नको.

आणि तीन स्नॅपशॉट निघाले.
काही बिघडलंच तर इथवर परत येऊ, म्हणून
मामांनी चालता चालता थांबवून ठेवलेले.
सगळ्यात जुना उघडला.
घड्याळात चार वाजून दहा मिनिटं.
पडद्यावर
  आमचे येथे श्रीकृपेकरून
  चि. सौ. कां. भागीरथी
आणि पुढे कर्सर, लुकलुकत.
खाली कन्नडची चौकट रिकामी, मुलाकडच्यांसाठी.
मामा चहाला उठले असतील,
किंवा हेस्कॉमने लाईट घेतली असेल.
आता ते लोंढ्याला लेकीकडे असतात,
उजवा हात चालत नाही.
भागीरथीचं मात्र लग्न झालं.
मला ठाऊक आहे,
तिच्या मुलाच्या बारशाची पत्रिका
सकाळी मीच पुसली.

थोडा वेळ बघत बसले.
मग तिन्ही स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये मिळवले.
"ह्याला मराठीत काय म्हणायचं गं?" बिर्जेअण्णांनी विचारलं.
विलीनीकरण.
"मोठ्यानं बोलू नको," म्हणाले,
आणि स्वतःच हसले, शटरकडे बघत.

आता मोकळ्या जागेत शून्यं भरायची.
प्रत्येक रिकाम्या घरात एक,
म्हणजे बाहेरच्याला पटतं की इथे खरंच कुणी नाही.
दुपारभर तेच चाललं.
दुभाषी पत्रिकेत तारखांचे आकडे
मी एकेक करून बदलते,
ह्या लिपीतले त्या लिपीत.
शून्य तेवढं बदलावं लागत नाही.
तिकडे सोन्ने म्हणतात, पण गोल तोच.

एकाहत्तर टक्क्यांवर लाईट गेली.
यूपीएस कोंबडीच्या पिल्लासारखा ओरडत राहिला,
अण्णा मोबाईलचा उजेड धरून उभे,
जणू आत कुणाचं ऑपरेशन आहे.
आली. सातव्या मिनिटाला.

शेवटची आज्ञा दिली: आवळ.
एकशे अठ्ठेचाळीस होते, तेवीस झाले.
"एवढं होतं तरी काय त्यात?" अण्णा म्हणाले.
मी म्हटलं, हवा.
खोटं बोलले.

संध्याकाळी नंदगडचे दोघे आले, पत्रिका घेऊन,
मुलगी बैलहोंगलची, दोन्ही भाषा पाहिजेत, उद्याच पाहिजे.
आतला उघडला. तोच जुना निळा पडदा,
तोच कोपऱ्यातला मामांचा गणपती.
आपण रोडावलो हे त्याला कळलेलंच नाही.
विचारलं तर अजून सांगतो,
माझ्याकडे दोनशे जीबींची जागा आहे, या, बसा.
मी काही बोलले नाही.
टाइप करायला घेतलं,
आमचे येथे